दर शुक्रवारची फाईल

"तुमचं हे गुरगुरणं जरा बंद कराल का?"

दारावर टकटकही न करता ती आत शिरली आणि एवढं बोलून मोकळी झाली. मग तिच्या लक्षात आलं, खोलीत माणूस एकच आहे आणि तो बिचारा मुळीच गुरगुरत नाहीये. गुरगुरत होती ती त्याच्या मागची दोन काळी कपाटं. त्यांच्या पोटात हिरवे दिवे लुकलुकत होते, पंखे अंगात आल्यासारखे फिरत होते, आणि खोलीत असा गारठा होता की तिने नकळत ओढणी खांद्यांवरून लपेटून घेतली.

त्याने मान वर केली. पण चेहरा बघायला माणूस मान वर करतो तशी नाही... ओळखीचं काही कानावर पडल्यावर करतो तशी.

"बंद केलं तर तुमचा आवाज राहायचा कुठे?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे पलीकडे बसून तुम्ही दिवसभर जे वाचता, ते सगळं इथे येऊन राहतं. हे दोघे त्याची राखण करतात. राखणदार म्हटल्यावर थोडंफार घोरणारच."

"राखणदार घोरत असेल तर तो झोपलाय म्हणायचा," ती म्हणाली.

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल हलायचा, दुसरा आपला गंभीर. तिला राग आणायचा होता, पण बाहेर सकाळपासून राखाडी पाऊस पडत होता, अंगात पुरेसा राग शिल्लक नव्हता. ती नुसतीच परतली. दुसऱ्या दिवशी ती मायक्रोफोनपुढे बसली तेव्हा गुरगुर ऐकू येईना. जाऊन बघते तर मधल्या भिंतीला पलीकडून चार जुन्या गाद्या उभ्या केलेल्या, आणि त्या घसरू नयेत म्हणून त्यांना टेकवून ठेवलेली त्याची एकुलती एक खुर्ची. तो स्वतः उभ्याने काम करत होता.

त्या इमारतीत दृष्टी नसलेल्यांसाठी पुस्तकं वाचली जायची. वाचक बंद खोलीत बसून पानामागून पान वाचत, ते ध्वनिमुद्रित होई आणि मग कुणाकुणाच्या घरी, कुणाच्या उशाशी ऐकलं जाई. तिथे सगळे तिला 'ज्युनिअर' म्हणत, कारण 'सीनिअर' तिचे बाबा होते. बाबांनी तिथे अर्धं आयुष्य वाचलं. खणखणीत, गोल आवाज. रागीट सावकार वाचताना पलीकडच्या खोलीतली माणसं दचकत, असा. मग घसा बसला तो बसलाच, तपासण्या झाल्या आणि एके दिवशी शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी गळ्यातली आवाजाची पेटीच काढून टाकली. जीव वाचला. आवाज गेला. आता बाबा ओठ हलवत, आणि त्या ओठांवरून काय म्हणायचंय ते ओळखणं एकट्या तिला जमत असे. आई तर कधीच गेली होती. घरात दोघंच, आणि त्यांपैकी बोलणारी एकच.

बाबांचं शेवटचं पुस्तक अर्धवट राहिलं होतं. ते पुरं करायला ती जुनी, गळकी खोली सोडून या खालच्या खोलीत आली होती.

आणि त्याला सगळे 'कंपाउंडर' म्हणत. हे नाव ठेवलं हिशेबनीस काकांनी. इमारतीतल्या प्रत्येक दारावर त्याने एक कागद चिकटवला होता, 'पेन ड्राइव्ह लावण्याआधी मला दाखवा.' जिन्यात भेटला की तो नमस्काराऐवजी विचारायचा, "अनोळखी मेल उघडली नाहीत ना?" काका वैतागून म्हणायचे, "सकाळ-दुपार-संध्याकाळ एकच पुडी! हा माणूस आहे की कंपाउंडर?"

"काकांवर रागावता का हो तुम्ही?" एकदा तिने विचारलं. पेन ड्राइव्ह दाखवायच्या निमित्ताने ती आता रोज त्या गार खोलीत जाऊ लागली होती. त्या पेन ड्राइव्हला इतक्यांदा तपासून घेतलं होतं की त्याला रोग व्हायची सोयच नव्हती, पण निमित्त ते निमित्त.

"रागावून काय करू? सगळ्यांच्या फाईली एकाच ठिकाणी आहेत. एका विहिरीवर सगळ्या गावाच्या घागरी. एकाची घागर घाण असली की विहीर बाटली. मग ज्याची घागर स्वच्छ होती त्यालाही तेच पाणी."

"म्हणजे तुम्ही विहिरीवरचे पहारेकरी."

"कंपाउंडरपेक्षा बरं वाटतं ऐकायला," तो म्हणाला. मग जरा थांबून, पडद्याकडे बघत... "तुम्ही 'पण' म्हणायच्या आधी श्वास घेता. माहितीये?"

"काय?"

"वाचताना. 'पण' आला की आधी छोटासा श्वास. जणू पुढे काय होणार ते तुम्हाला माहीत आहे आणि सांगावंसं वाटत नाहीये."

वाचणाऱ्या बाईला उच्चार चुकला म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात, श्वास मोजणारा विरळा. "तुम्ही कधी ऐकलं मला?"

"कामात... ऐकावं लागतं," तो म्हणाला, आणि पेन ड्राइव्ह तिच्या हातात ठेवताना त्याची बोटं जरूरीपेक्षा किंचित जास्त वेळ तिथे राहिली. गार बोटं. घरी जाताना छत्री हातात असून ती उघडायची विसरली. भिजून घरी पोचल्यावर बाबांनी ओठ हलवले, "छत्री कुणाला दिली?" आणि ती उगाचच लाजली.

पण ही गोष्ट अशीच हसत-लाजत पुढे गेली असती तर सांगायची कशाला? तिच्या मनात एक कोपरा होता आणि तो ओला होता. दुपारी सगळे जेवायला गेले की ती कानाला हेडफोन लावून बाबांच्या शेवटच्या पुस्तकाचं कच्चं ध्वनिमुद्रण ऐकायची. कापाकापी न केलेलं. त्यात कादंबरी थोडी आणि बाबाच जास्त होते. मध्येच खाकरणं, मध्येच एखाद्या लांबलचक वाक्यावर लेखकाला घातलेली शिवी, मध्येच काचेपलीकडे बसलेल्या तिला मारलेली हाक. "थांब गं ठके, घसा खरखरतोय. पाणी दे." बाबांची तयार पुस्तकं लोकांसाठी होती. हे तेवढं तिच्यासाठी होतं. 'ठके' म्हणणारा आवाज सगळ्या जगात आता त्या एकाच ठिकाणी उरला होता.

"मला याची एक प्रत घरी न्यायचीये," ती त्याला म्हणाली होती.

"कच्चं मुद्रण बाहेर न्यायची परवानगी नाही. आणि तुमच्या घरचा संगणक कसा आहे, मला माहीत नाही. इथे जास्त सुरक्षित आहे." मग तिचा चेहरा बघून तो समजुतीने म्हणाला, "ऐका. रोज सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर होते आणि ती डिस्क काढून मी कुलपात ठेवतो, म्हणजे इथे आग लागली तरी तिला झळ नाही. शिवाय दर शुक्रवारी त्या नकलेतली एक फाईल परत आणून उघडून बघतो. नुसती नक्कल झाली म्हणून भागत नाही, ती उघडली पाहिजे."

"दर शुक्रवारी?"

"एकही शुक्रवार चुकवलेला नाही," तो म्हणाला. त्याचे कान का लाल झाले ते तिला तेव्हा कळलं नाही. "विश्वास आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. आणि होताही.

घाव बसला तो ऐन दुपारी. हिशेबनीस काकांनी नवा चष्मा मागवला होता. त्यांना मेल आलं की तुमचं पार्सल अडकलंय, सोबतचा कागद उघडून पत्ता तपासा. वर्षभर ताकही फुंकून प्यायलेल्या काकांनी त्या दिवशी दूध घटाघटा पिऊन टाकलं. जुना चष्मा धूसर झाला होता, मेल पाठवणाऱ्याचं नाव नीट दिसलं नाही, आणि चष्म्याची घाई तर होतीच. कागद उघडला. पडदा क्षणभर थिजला, मग परत नेहमीसारखा दिसू लागला. काका निश्चिंत मनाने जेवायला गेले. त्यांच्या संगणकातून ते विष सामायिक साठ्यात उतरलं आणि एकेक फाईल कुलूपबंद करत सुटलं. विषाणू इतका नवा होता की पहाऱ्यावरच्या प्रोग्रामला त्याचा चेहराच ओळखीचा नव्हता.

ती वाचत होती. वाचता वाचता समोरच्या पडद्यावरची फाईलींची नावं एकामागून एक बदलू लागली, वाचता न येणारी झाली. तिने काचेवर थाप मारली, मग धावत बाहेर आली. तोवर पलीकडच्या खोलीतून तो ओरडत होता, "कुणी कशाला हात लावू नका! तारा काढा! सगळ्यांच्या तारा काढा!" जिन्यावरून तो तीन-तीन पायऱ्या उड्या मारत वर गेला. खाली आला तेव्हा त्याच्या हातात उपटलेल्या तारांचा भारा होता आणि चेहरा पांढरा पडला होता. काळी कपाटं बंद केली होती. इमारतीत इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती.

पुढचे दिवस वाईट गेले. पाऊस थांबेना, आभाळ उतरून खिडकीशी आलेलं. तो एकेक संगणक पुसून नव्याने उभा करत होता. काका कोपऱ्यात बसून होते, कुणी काही बोललं नाही तरी दर थोड्या वेळाने म्हणायचे, "मीच मेला आंधळा." संचालकबाई येऊन उभ्या राहत, घड्याळ बघत, जात. तिने त्याला चहा नेऊन दिला तर तो प्यायला विसरला. तिने तो परत गरम करून आणला.

"सगळं येईल ना परत?"

"येईल," तो म्हणाला. "डिस्क कुलपात होती. तिला काही झालेलं नाही."

आणि खरंच, यायला लागलं. पहिली फाईल उघडली ती तिचीच. भिंतीवरच्या स्पीकरमधून तिचा स्वतःचा आवाज आला तेव्हा वरच्या मजल्यावरून टाळ्या ऐकू आल्या. काकांनी डोळे पुसले. एकेकाचं फोल्डर परत येत गेलं, तसा इमारतीचा जीव भांड्यात पडत गेला.

ती आपल्या जागी बसून यादी खाली-वर करत राहिली. मग उठून त्याच्या खोलीत गेली.

"बाबांचं फोल्डर अजून दिसत नाहीये."

त्याने वळून पाहिलं नाही. "बसा."

"मी उभीच बरी आहे."

"तुमचे बाबा थांबल्यावर..." त्याने घसा साफ केला. "जागा संपत आली होती. जुन्या वाचकांची सगळी फोल्डरं मी एका नव्या डिस्कवर हलवली. नक्कल कशाकशाची करायची हे ठरवून द्यावं लागतं. त्यात ही नवी डिस्क घालायची राहिली. माझ्याकडून राहिली. रोज पडद्यावर यायचं, नक्कल यशस्वी. ते खोटं नव्हतं. जेवढं सांगितलं होतं तेवढं त्याने इमानाने केलं होतं."

"पण तुम्ही तर दर शुक्रवारी उघडून बघत होता!"

"बघत होतो."

"मग?"

"नियम असा आहे, की दर वेळी वेगळं फोल्डर काढायचं. डोळे मिटून, हाताला येईल ते. एकदा जरी जुन्या वाचकांचं निघालं असतं, तरी कळलं असतं की नकलेत ते नाहीच."

"मग इतक्या शुक्रवारांत एकदाही कसं निघालं नाही?"

आता तो वळला. "कारण मी डोळे मिटतच नव्हतो. दर शुक्रवारी मी तुमचीच फाईल काढायचो."

"माझीच?"

"पहिल्यांदा चुकून निघाली. एका म्हातारीचं प्रकरण होतं, ती मुलाची वाट बघत असते. मी पाच मिनिटं ऐकून बंद करायला हवं होतं... संपेपर्यंत ऐकलं. पुढच्या शुक्रवारी म्हटलं, पुढे काय झालं ते बघू. मग गोष्टीचं निमित्तही उरलं नाही. आठवडाभर मी शुक्रवारची वाट बघायचो. तुम्हाला पाहिलंही नव्हतं तेव्हा. तुम्ही दार उघडून गुरगुरणं बंद करा म्हणालात, तेव्हा मला वाटलं, फाईल आपणहून उघडली की काय."

कुठल्याही मुलीला हे ऐकून पंख फुटले असते. तिलाही क्षणभर फुटले, हीच तर पंचाईत. ज्या तोंडाने जणू 'तू मला आवडतेस' म्हटलं, तेच तोंड सांगत होतं की तुझ्या बापाचा आवाज माझ्यामुळे गेला. पहिल्याला काय उत्तर द्यायचं आणि दुसऱ्याला काय? आणि दोन्ही एकच असेल तर?

"तुम्ही मला प्रत नेऊ दिली नाहीत," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मी मागितली होती. तुम्ही म्हणालात, विश्वास आहे ना."

"हो."

"माझा आवाज रोज घरी येतो माझ्याबरोबर, फुकट! तो मला कशाला हवा होता परत?"

त्याने माफी मागितली असती तर बरं झालं असतं, निदान तिला ती झिडकारता आली असती. ती निघाली ती थेट रस्त्यावर. पाऊस तोंडावर घेत चालत राहिली, म्हणजे रडणं वेगळं दिसायला नको.

बाबांना तिने सांगितलं नाही. पण आवाज गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या गप्प बसण्यातलं सगळं कळतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातातलं ताट बाजूला ठेवलं, तिची हनुवटी वर केली आणि ओठ हलवले, "बोल." ती बोलली. सगळंच बोलली. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले ते अंधार पडेपर्यंत. तिने दिवा लावला तेव्हा त्यांनी तो हाताच्या खुणेनेच विझवायला सांगितला.

संस्थेत चौकशी झाली. बैल गेला आणि झोपा केला तसे नवे नियम आले. संचालकबाईंनी त्याला सर्वांसमोर विचारलं, "दर शुक्रवारच्या तपासणीत हे लक्षात कसं आलं नाही?" तो म्हणाला, "तपासणी मी नीट केली नाही." का, ते त्याने सांगितलं नाही. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खाली मान घालून बसली होती, आणि आपण कुणावर चिडलोय याचा हिशेब तिला लागत नव्हता.

बाबांची तयार पुस्तकं मात्र हळूहळू परतू लागली. बातमी ऐकणाऱ्यांपर्यंत पोचली होती. काठीने वाट चाचपत एक आजी आल्या, त्यांच्या पिशवीत बाबांच्या दोन पुस्तकांच्या जुन्या सीड्या. "सीनिअर म्हणजे आमच्या घरातलाच माणूस," त्या म्हणाल्या. कुणी टपालाने पाठवल्या, कुणी सुनेच्या हातून. ओरखडे पडलेल्या, मध्येच अडखळणाऱ्या, पण बाबांच्याच. कंपाउंडर एकेक सीडी आधी तपासून, मग पुसून, मग उतरवून घेत होता. लोकांचे बाबा परत आले. तिचे आले नाहीत. खाकरणारे, शिव्या देणारे, पाणी मागणारे बाबा कुणाच्याच घरी नव्हते. विषाणूने कुलूप घातलेल्या त्या नव्या डिस्कवर त्याने जंग जंग पछाडलं, बाहेरच्या जाणकारांना दाखवली, सगळ्यांनी मान हलवली.

एका शुक्रवारी ती कामासाठी त्याच्या खोलीत गेली. तो हेडफोन लावून बसला होता. तिला बघून त्याने तो काढला, कानांच्या पाळ्यांवर लाल वळ उठले होते.

"काय ऐकताय?"

"सगळ्यांचं. पहिल्या फोल्डरपासून. प्रत्येक फाईल उघडून." तो थकल्यासारखा हसला, तेही एका गालानेच. "बालगीतं वाचणाऱ्या बाईंचं चाललंय. एकच ससा सकाळपासून गाजर खातोय."

"आणि माझ्या?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्या फाईली हिशेबनीस काकांना ऐकायला सांगितल्यात. मी नाही ऐकत."

"का?"

"शिक्षा."

"कुणाला?" तिने विचारलं. पंखे तेवढे गुरगुरत राहिले. दाराशी जाऊन ती पाठमोरीच म्हणाली, "काका ऐकता ऐकता झोपतात, माहितीये ना? तपासणी नीट व्हायला हवी."

"सोमवारी मी जातोय," तो म्हणाला. "राजीनामा दिलाय. दुसऱ्या गावात नोकरी मिळतेय. भाऊ-वहिनी म्हणतात जाच. त्याआधी हे संपवायचंय."

घरी गेल्यावर बाबांना हे सांगताना तिने जमेल तेवढा कोरडा चेहरा ठेवला. बाबांनी तो चेहरा नीट न्याहाळला आणि ओठ हलवले, "उद्या त्याला चहाला बोलाव."

तो आला. केस विंचरलेले, शर्टाला इस्त्री, आणि शाळेत मुख्याध्यापकांपुढे उभं राहावं तसा उभा. बाबा आरामखुर्चीत, गळ्याला पांढरं मऊ कापड. त्यांनी बोटानेच खुर्ची दाखवली. मग ओठ हलवले आणि तिच्याकडे पाहिलं.

"बाबा म्हणतायत..." ती अडखळली. "बाबा म्हणतायत, वाईट वाटलं. फार. लपवणार नाही."

त्याने मान खाली घातली.

"म्हणतायत, ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांना मनसोक्त शिव्या घालायच्या होत्या, पण घालायच्या कशाने? तुलाही घालायच्या होत्या. पण माझ्या शिव्या हिच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नाही."

"घाला," तो म्हणाला. "यांच्या तोंडून चालतील."

बाबांचे खांदे हलले. ते हसत होते. हसण्याला आवाज नसला तर ते रडण्यासारखंच दिसतं, आणि तिला नेमकं काय आहे ते बघायला वाकावं लागलं. बाबांनी पुढे काही म्हटलं. ती गप्प राहिली.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

बाबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. प्रामाणिकपणे सांग!

"म्हणतायत..." ती भिंतीकडे बघून भरभर म्हणाली, "माझा एवढा मोठा आवाज शेजारी पडलेला असताना या चिमणीची चिवचिव ऐकत बसलास. म्हणजे तुझे कान तरी गेलेत, नाहीतर तू कामातून गेलास."

"दुसरं," तो म्हणाला.

तिचे गाल तापले. बाहेर पागोळ्या गळत होत्या. बाबांनी त्या मुलाकडे पाहिलं. मग ओठ पुन्हा हलले, हळू, आणि या खेपेस तिला ते शब्द उच्चारायला वेळ लागला. "म्हणतायत, गेलेलं येणार नाही. हिने मला तिथे नेऊन त्यातलं एक-दोनदा ऐकवलं होतं. मला ते ऐकवेना. तो आवाज हिला लागायचा, मला नाही. तेव्हा माफी मागायची तर... तर हिची मागायची."

तो खुर्चीच्या कडेला आला. तिच्याकडे बघून म्हणाला, "मी मागितली नाही, कारण तुम्ही दिली असती तर मला ती घेववली नसती. अजूनही घेववणार नाही. पण मागतो."

माफी अशी पटकन काढून द्यायला ती काही कपाटात घडी घालून ठेवलेली नव्हती. अजून कितीतरी दुपारी तिचा हात त्या फोल्डरकडे जाणार होता आणि रिकामा परतणार होता, हे तिला ठाऊक होतं. आणि हेही ठाऊक होतं की त्या दुपारी पलीकडच्या खोलीतही कुणी नसलं, तर ती दोन रिकामपणं तिला एकटीला पेलायची नाहीत.

चहा गार झाला. तो उठला. "येतो. सामान बांधायचंय." बाबांना वाकून नमस्कार केला, चपला पायात सरकवल्या, दाराशी पोचला. त्याचा हात कडीवर गेला.

"जाऊ नकोस."

तो वळला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि चाचरत विचारलं, "हे... बाबा म्हणाले?"

बाबांचे डोळे मिटलेले होते. ते झोपलेले नव्हते, हे लेकीला पक्कं माहीत होतं. पण ओठ मात्र त्यांनी घट्ट दाबून धरले होते.

"नाही," ती म्हणाली. "हे मी म्हणतेय."